महोदय, पत्र गिळले गेले नव्हते

‘आमचे व्याही जोगळेकर यांच्या कंपनीचा प्रोग्राम मी मोठ्या विश्वासाने वापरत होतो. त्या प्रोग्रामने खुद्द जोगळेकरांचेच पत्र गिळले आणि ढेकरही दिली नाही. तीन आठवडे ते पत्र कोणाच्याही नजरेस पडले नाही. मुलांचे लग्न यंत्रापायी मोडायचे, ते केवळ माझ्या सबुरीमुळे जमले. जोगळेकरांनी तेव्हाच चार माणसांसमोर चूक कबूल केली होती.’

आपल्या मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात श्री. शरद खांबेटे यांनी ‘व्याह्यांचे यंत्र’ या शीर्षकाखाली जो मजकूर लिहिला, त्यातली ही पाच वाक्ये मी अक्षरशः उतरवून घेतली आहेत. त्यांतले पहिले वाक्य खरे आहे. शेवटचेही खरे आहे. मधल्या तीन वाक्यांचा समाचार घेण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे, आणि संपादकांनी शब्दमर्यादेचे कारण सांगून त्यात कात्री चालवू नये, अशी त्यांना आगाऊ विनंती आहे.

वास्तविक ही गोष्ट खांबेटे गेली अठरा वर्षे सांगत आहेत. गणपतीच्या आरतीनंतर सांगतात, बारशाला सांगतात, एकदा तर फ्राइबाडच्या, म्हणजे पोहण्याच्या उघड्या तलावाच्या, काठावर, ओल्या अंगाने, एका अनोळखी जर्मन गृहस्थाला त्यांनी ती सांगितली. मी कधी प्रतिवाद केला नाही. बोललेले हवेत विरते, अशी माझी समजूत होती. छापलेले मात्र नातवंडे वाचतात. आमची नात ईरा बारा वर्षांची आहे. मराठी तिला सगळे कळते, उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिच्या आईने तिला खांबेट्यांचा लेख वाचून दाखवला, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, हाट दाइन प्रोग्राम विर्कलिश ब्रीफं गफ्रेसन?”

माझ्या प्रोग्रामने खरोखर पत्रे खाल्ली का, असा तो प्रश्न. जर्मनमध्ये माणसाच्या खाण्याला एक क्रियापद आहे आणि जनावराच्या खाण्याला दुसरे. तिने दुसरे वापरले. बावीस वर्षांच्या नोकरीचा असा निकाल माझ्या नातीच्या तोंडून लागावा, हे मला मान्य नाही.

आता ती नोकरी काय होती, ते सांगतो. कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे.

आमच्या कंपनीचा प्रोग्राम म्हणजे सामान्य माणसाचे संगणकावरचे कपाट होते. टपाल, पत्ते, दिनदर्शिका आणि करायच्या कामांची यादी, असे चार खण. डार्मश्टाटमध्ये, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ, एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत आम्ही तिसेक माणसे ते कपाट घडवत होतो. त्यातल्या एकाच खिडकीची राखण मी बावीस वर्षे केली. तिच्या माथ्यावर ‘रेगेल्न’ असे लिहिलेले असे, म्हणजे नियम.

हे नियम आमचे नसत. ते वापरणाऱ्याने स्वतःसाठी करायचे. आम्ही त्याला फक्त वाक्याचा सांगाडा पुरवत असू: जर असे असेल, तर तसे कर. जर पत्र शाळेकडून आले असेल, तर ते ‘मुले’ या कप्प्यात टाक. जर विषयात ‘तिकीट’ हा शब्द असेल, तर ‘प्रवास’ या कप्प्यात टाक. एकदा नियम लिहिला की येणारे प्रत्येक पत्र त्याच्यासमोरून जाते आणि आपापल्या कप्प्यात जाऊन पडते.

ज्याने जर्मनीत एक आठवडा संसार केला आहे, त्याला यात काही नवे वाटणार नाही. मी इथे आलो तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी तिसऱ्याच दिवशी मला अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे केले होते. त्यांच्या हातात आमच्याच घरातली, वापरलेली, ठिबकणारी चहाची पुडी होती. चहा तपकिरी डब्यात, कागदाची चिठ्ठी निळ्या डब्यात, आणि ती बारीक पिन? पिनचे काय, हेर (म्हणजे श्रीयुत) जोगळेकर? तो माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पहिला धडा होता. एकाच वस्तूला तीन नियम लागू होऊ शकतात, आणि नियम करणाऱ्याला नेहमी वाटते की आपली पुडी साधी आहे.

आमच्या ग्राहकांत ओडेनवाल्डच्या पायथ्याशी दवाखाना चालवणाऱ्या एक पशुवैद्य बाई होत्या. त्यांचा फोन आला तो थेट माझ्याकडे, कारण मदतकक्षातल्या दोघांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

“तुमच्या प्रोग्रामने आमच्या गावचं अग्निशमन दल कुत्र्यांत टाकलं आहे,” त्या म्हणाल्या.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. बाईंनी एक नियम केला होता: विषयात ‘हुंड’, म्हणजे कुत्रा, हा शब्द असेल तर पत्र ‘कुत्रे’ या कप्प्यात जावे. गावच्या अग्निशमन दलाला शंभर वर्षे झाली. त्या सोहळ्याच्या पत्राचा विषय होता ‘हुंडर्टयारफायर’, म्हणजे शताब्दी महोत्सव. शंभराला जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’ म्हणतात. शंभराच्या पोटात कुत्रा निघाला. निमंत्रण गेले कुत्र्यांच्या कप्प्यात, आणि बाईंचे भाषण ठरलेले असूनही बाई सोहळ्याला नव्हत्या. बुर्गरमाइस्टर, म्हणजे गावचे नगराध्यक्ष, माइक धरून वाट पाहत राहिले.

“नियमाने चूक केलेली नाही,” मी म्हणालो. “तुम्ही हुंड म्हणालात, त्याने हुंड शोधला.”

“आल्झो,” बाई म्हणाल्या, “म्हणजे तुमचा नियम माझ्या कुत्र्याहून आज्ञाधारक आहे आणि तितकाच मूर्ख.”

मग त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की मीही हसलो. ते वाक्य कागदावर लिहून मी माझ्या टेबलासमोर चिकटवले. माझ्या कामाचे याहून नेमके वर्णन पुढे कोणी केले नाही.

परंतु इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मी खांबेट्यांच्या सांगण्यावरून देत नाही. नियमाच्या खिडकीत ‘एंटहेल्ट’ असा शब्द होता, म्हणजे ‘पोटात आहे’. शब्द सुटा असो वा दुसऱ्या शब्दाच्या पोटात, नियमाने तो पकडायचा, हे मी ठरवले होते आणि त्यासाठी बैठकीत भांडलो होतो. माझे कारण पक्के होते. जर्मन माणूस शब्दाला शब्द डिंकाने चिकटवतो. मेंढपाळाचा कुत्रा, राखणीचा कुत्रा, कुत्र्याचे खाणे, हे सगळे त्याच्याकडे एकेकच शब्द आहेत. सुटाच शब्द शोधायचा म्हटले, तर पशुवैद्य बाईंना निम्मे कुत्रे सापडले नसते. शेजारी ‘फक्त पूर्ण शब्द’ असा आणखी एक पर्याय द्यावा, अशी सूचना तेव्हा आली होती. मी म्हणालो, एका अग्निशमन दलासाठी खिडकीत गर्दी करायची नाही. तो हट्ट होता. पुढे तो माझ्याच घरी येऊन बसला.

दुसरे एक भांडण मात्र मी जिंकलो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. ते फ्राउ लिंडनर यांच्याशी झाले. प्रोग्राममध्ये काय असावे आणि काय नसावे, हे त्या ठरवत असत. अतिशय हुशार बाई, आवाज कधी चढायचा नाही, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडणे फार अवघड.

आता इथे वाचकांनी थोडे लक्ष द्यावे. टपालाच्या यादीत न वाचलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते. त्यावर दोनदा टिचकी मारून ते उघडले की अक्षरे साधी होतात. ठळक म्हणजे न उघडलेले, साधे म्हणजे उघडलेले. याहून अधिक त्यात काही नाही. फ्राउ लिंडनर यांना असे हवे होते की नियमाने पत्र कप्प्यात टाकतानाच त्यावर ‘वाचले’ अशी खूणही करावी.

“हेर जोगळेकर, लोकांना दुकानांची पत्रं वाचायची नसतात. ती ठळक अक्षरं त्यांच्या डोळ्यांत खुपतात.”

“मग त्यांनी ती पत्रं बंद करावीत.”

“तुम्ही ग्राहकांना शिस्त लावणार?”

“ग्राहकांना नाही, यंत्राला. न वाचलेलं वाचलं म्हणून सांगणं, याला आमच्याकडे खोटं बोलणं म्हणतात.”

“आमच्याकडेही,” त्या म्हणाल्या, आणि यादीतली ती ओळ त्यांनी पेनाने खोडली.

मी निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत ती सोय प्रोग्राममध्ये आली. आता यंत्रेही न वाचता वाचल्याचे सांगतात. एवढ्यापुरती त्यांनी माणसाची बरोबरी केली आहे. परंतु खांबेट्यांच्या संगणकावर होती ती आवृत्ती माझ्या काळातली होती. तिच्यातला नियम पत्र हलवू शकत होता. ते उघडू शकत नव्हता, आणि उघडल्याची खूणही करू शकत नव्हता.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमची मुक्ता ड्रेस्डेनला शिकत होती. तिथेच शिकणारा निखिल हा खांबेट्यांचा मुलगा. खांबेटे स्वतः तिथल्या संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलांनी सगळे ठरवलेच होते. दोन्ही घरांचे एकमेकांकडे एकेक जेवणही झाले होते. तरीही खांबेट्यांच्या घरची पद्धत अशी की मुलीकडच्यांनी आधी रीतसर पत्र लिहायचे आणि मुलाकडच्यांनी त्याला उत्तर द्यायचे. तोवर कोणी विषय काढायचा नाही.

“बाबा, प्लीज,” मुक्ता फोनवर म्हणाली. “एकच पत्र, गेनाऊ एक. ईमेल चालेल म्हणाले. पण नीट लिहा हं, निखिलचे बाबा फार फॉर्मल आहेत.”

मी दोन दिवस पत्र लिहीत होतो. त्या काळी देवनागरीत पाठवलेले पत्र समोरच्याकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचायचे, म्हणून आम्ही सगळेच मराठी रोमन अक्षरांत लिहीत असू. विषयाच्या जागी मी ‘Mahoday’ असे लिहिले. पुढे सप्रेम नमस्कार, मुलीची माहिती, आणि मग माझे म्हणणे: लग्न इथेच, नोंदणी पद्धतीने व्हावे, मानपान नसावा, आणि मुक्ता आपले आडनाव बदलणार नाही. शेवटी ‘कळावे’.

सौ. मालतीने माझ्या खांद्यावरून ते वाचले. “अहो, हे स्थळाचं पत्र आहे की कुठल्या सरकारी आम्टची नोटीस? त्यांच्या घरी बासुंदी खाऊन आलोय आपण, आणि महोदय काय?”

“ते फॉर्मल आहेत.”

“ते फॉर्मल आहेत, तुम्ही फाटक लावून बसलाय.”

मी पत्र पाठवले. तिचे ऐकायला हवे होते. या प्रकरणात मला दोन गोष्टींचा पश्चात्ताप आहे, एक तो पूर्ण शब्दाचा पर्याय आणि दुसरा हा ‘महोदय’. तिसरी गोष्ट नाही.

एक आठवडा गेला, उत्तर आले नाही. दुसरा गेला. मुक्ता रोज फोन करू लागली; आधी आम्हा दोघांशी बोलायची, मग फक्त आईशी. तिच्या आवाजावरून मला कळत होते की तिकडे दोघांत धुसफुस सुरू झाली आहे. निखिलने घरी विचारले, तर वडील म्हणाले, पत्रच आले नाही. मुक्ता निखिलला म्हणाली, माझे बाबा खोटे बोलत नाहीत. निखिल म्हणाला, माझेही नाहीत. दोन बापांच्या खरेपणापायी मुले भांडत होती, आणि मी फोन उचलत नव्हतो, कारण मुलीच्या बापाने दोनदा विचारू नये असे माझे मत होते.

“फोन करायचा हात मोडलाय का मुलीच्या बापाचा?” तिसऱ्या आठवड्यात मालती म्हणाली, आणि तिनेच ड्रेस्डेनला फोन लावला. सुमनवहिनींनी, म्हणजे खांबेट्यांच्या पत्नीने, तो उचलला.

“अगं, आम्हीच वाट बघतोय!” त्या म्हणाल्या. “हे म्हणतात, तुमच्याकडून काही आलंच नाही. थांब, यांना देते.”

मालतीने फोन माझ्या हातात कोंबला. “जोगळेकर,” खांबेट्यांचा आवाज आला, “तुमचाच प्रोग्राम वापरतो मी. त्यानं खाल्लं असणार पत्र. बघा बुवा.”

माझ्या प्रोग्रामने! मी शनिवारची तिकिटे काढली. फ्रँकफर्टला गाडी बदलून आम्ही दुपारी ड्रेस्डेनला पोचलो. मालतीने सोबत चिवडा घेतला होता आणि मी एक कोरी दोषनोंद घेतली होती. आमच्या कंपनीत दोष आढळला की त्याची नोंद एका ठरावीक कागदावर होत असे, पुराव्यासह.

खांबेट्यांच्या जेवणाच्या टेबलावर संगणक मांडलेला होता. मी बसलो. माझ्या डाव्या हाताला खांबेटे, पाठीमागे सुमनवहिनी आणि मालती, स्वयंपाकघराच्या दारात मुक्ता. निखिल खिडकीपाशी, तिच्यापासून होता होईल तेवढा लांब. हे अंतर मी सगळ्यात आधी पाहिले.

“तुम्हाला कोणी मदत केली होती का नियम लिहायला?” मी विचारले. “वहिनी, तुम्ही कधी बसता का यावर?”

“छे हो,” सुमनवहिनी म्हणाल्या. “मला यांचा पासवर्डसुद्धा माहीत नाही. एकदा माझा वाढदिवस टाकून बघितला, उघडलं नाही. तेव्हापासून सोडून दिलं.”

“सगळं मीच करतो,” खांबेटे म्हणाले. “कोणी हात लावलेला मला चालत नाही.”

मी रेगेल्नची खिडकी उघडली. तीनच नियम होते, स्वच्छ, नेटके. एखाद्या अभियंत्याने करावेत तसे. दुसरा वाचला आणि मला एकदम त्या पशुवैद्य बाई आठवल्या. नियम असा होता: जर विषयाच्या पोटात ‘aho’ असेल, तर पत्र ‘घर’ या कप्प्यात टाक.

सुमनवहिनी तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत, शनिवारी सकाळीही. दिवसभरात नवऱ्याला त्या चारदोन पत्रे पाठवत, आणि विषयातच सगळा निरोप असे. पतीचे नाव घ्यायचे नाही, म्हणून प्रत्येक पत्राची सुरुवात ‘Aho’. शरदरावांनी त्यावर नियम बांधला होता. युक्ती उत्तम होती, ती मी कामावर कोणालाही दाखवली असती. देवनागरीत ती बिनधोक चालली असती, कारण ‘महोदय’ लिहिताना ‘अहो’ कुठे लिहावे लागत नाही. पण रोमन अक्षरांत m नंतर लगेच aho येते. बायकोची हाक आणि परक्याचा नमस्कार, दोन्ही एका दोरीत सापडले होते.

मी ‘घर’ हा कप्पा उघडला. यादी समोर आली.

“Aho, chhatri visarlat,” मालती मागून मोठ्याने वाचू लागली. “Aho kothimbir. Aho yetana dahi. Aho Altpapier chi raddi udya. Aho Nikhil cha dentist. Mahoday...”

मग सुमनवहिनींनी कपाळाला हात लावला. “म्हणजे इतकी वर्षं मी यांना अर्धं महोदय म्हणत होते?”

खोलीत हास्याचा असा स्फोट झाला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जमिनीवर काहीतरी आपटले. निखिल हसत हसत खिडकीपासून निघाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मुक्ताने त्याच्या पाठीत गुद्दा मारला.

“बघा!” खांबेटे सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हणाले. “बायको कोण आणि व्याही कोण, हे यंत्राला कळत नाही. खाल्लं की नाही पत्र?”

सवयीप्रमाणे, कशालाही हात लावण्याआधी, मी त्या यादीचा छापील कागद काढून घेतला; दोषनोंदीला तो जोडावा लागतो. छपाईयंत्र कुरकुरत असताना मी पडद्याकडे पाहत होतो. तिथे मला एक गोष्ट दिसली. मी खांबेट्यांकडे पाहिले. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. तो स्वच्छ होता.

मग मी दाराकडे पाहिले. मुक्ता तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसत होती, आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझे तोंड ती लहानपणापासून वाचते.

“चूक माझ्या प्रोग्रामची आहे,” मी म्हणालो. “शरदराव, मला क्षमा करा.”

“अहो, क्षमा कसली!” खांबेट्यांनी चष्मा चढवला आणि मला मिठी मारली. ती मिठी आवश्यकतेपेक्षा जरा लांबली. नंतर त्यांनी पत्र उघडून सगळ्यांसमोर वाचले. रोमन अक्षरांतले मराठी पहिल्या वाचनात भल्याभल्यांना अडखळवते; खांबेट्यांनी ते सलग वाचले. आडनावाच्या ज्या वाक्याला मी तीन आठवडे घाबरत होतो, तेही ते त्याच लयीत वाचून गेले आणि म्हणाले, “आमचं काही म्हणणं नाही. मुलं सुखी असली म्हणजे झालं.” सुमनवहिनींनी शिरा केला. मालतीने चिवडा काढला. संध्याकाळी एल्बेच्या काठाने फिरायला गेलो, तेव्हा मुले पुढे होती आणि त्यांच्यात मुळीच अंतर नव्हते.

ही माझी कबुली. चार माणसांसमोर दिली, हे खांबेटे बरोबर सांगतात; मोजली तर पाच भरतील.

सोमवारी मी दोषनोंद भरली. फ्राउ लिंडनर यांनी ती वाचली, ‘माहोडाय’ म्हणजे काय ते विचारले, आणि मी समजावून सांगितल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, “आता तरी पूर्ण शब्द?” पुढच्या आवृत्तीत ‘फक्त पूर्ण शब्द’ हा पर्याय आला. कंपनीत त्याला शेवटपर्यंत ‘माहोडाय’ असेच म्हणत. एका जर्मन कपाटाच्या खणात आपला एक मराठी शब्द असा राहून गेला. पशुवैद्य बाईंना मी स्वतः फोन करून सांगितले की अग्निशमन दल आता कुत्र्यांतून बाहेर आले आहे.

निवृत्तीनंतर खांबेटे दांपत्य मुलांजवळ, म्हणजे आमच्याच गावात, राहायला आले. दर गुरुवारी खांबेटे आमच्याकडे कॉफीला येतात, माझ्या कॉफीला नावे ठेवतात, आणि दोन कप पितात. हा लेख लिहायला घेतला, ते मी त्यांना तोंडावर सांगितले.

“लिहा की,” ते म्हणाले. “पुरावा आहे का काही?”

“आहे.”

“अठरा वर्षांपूर्वीचा?”

“तेव्हाचाच.”

“कुठला हो?”

“अंकात वाचा.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “जोगळेकर, मी तरी तुमच्या जागी गप्प बसलो नसतो इतकी वर्षं.” त्याचा अर्थ मी विचारला नाही. ते चष्मा पुसत होते.

माझ्या मनात व्याह्यांविषयी राग नाही. आमची मुलगी त्यांच्या घरी सुखात आहे. ईराच्या आडनावात दोन्ही घरे एका आडव्या रेघेने जोडलेली आहेत आणि त्यावर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. विचार करायला माणसाला वेळ लागतो. मुलाच्या बापालाही तो हक्क आहे, आणि तीन आठवडे काही फार नव्हेत. माझे म्हणणे एवढेच की ते तीन आठवडे ज्याचे त्याने स्वतःच्या नावे ठेवावेत. माझ्या नियमाने ते पत्र ‘घर’ या कप्प्यात टाकले, हा त्याचा दोष मी कधीच नाकारला नाही. पण तो कप्पा खांबेटे दिवसातून चार वेळा उघडत, नाहीतर दही घरी आले नसते.

जर्मनीत कागद फेकत नाहीत. त्या शनिवारचा छापील कागद माझ्या ऑर्डनरमध्ये आहे, दोन भोके पाडून लावलेला. ईराला तो मी काल दाखवला आणि काय दिसते ते विचारले. तिने बोट फिरवत फिरवत यादी पाहिली. सगळ्यात वरची दोन पत्रे त्याच सकाळी आलेली होती, एक छत्रीचे आणि एक कोथिंबिरीचे. ती दोन्ही ठळक अक्षरांत आहेत. तिचे बोट खाली सरकले, तीन आठवडे मागे गेले, आणि थांबले.

‘Mahoday’ ठळक नाही.